पायलट चाचणीचा अहवाल नेमका कशाचा असावा?

दीर्घिका

नमस्कार. धूम्रपान सोडवणे, नैराश्यासाठी समुपदेशन, झोपेच्या सवयी सुधारणे, औषधे वेळेवर घेण्यास मदत करणे अशा वर्तनाशी निगडित आरोग्य-उपायांच्या पायलट चाचण्यांचे अहवाल मी समीक्षक या नात्याने नियमितपणे वाचते. या वाचनातून माझे एक मत पक्के झाले आहे आणि त्यावर येथे सविस्तर चर्चा व्हावी अशी इच्छा आहे. या अहवालांमागचे काम बहुतेक वेळा प्रामाणिक आणि कष्टाचे असते. परंतु जो प्रश्न विचारण्यासाठी पायलट हाती घेतलेली असते, त्याचे उत्तर अहवालात सापडत नाही, आणि ज्या प्रश्नाचे उत्तर देण्याची तिची कुवत नसते, त्याचे उत्तर मात्र मथळ्यापासून निष्कर्षापर्यंत ठळकपणे दिलेले असते.

सांड्रा एल्ड्रिज आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली मांडलेल्या चौकटीनुसार, पुढे होऊ घातलेली चाचणी किंवा तिचा एखादा भाग लहान प्रमाणावर प्रत्यक्ष करून पाहणे म्हणजे पायलट अभ्यास. तिचा प्रश्न ‘मोठी चाचणी करता येईल का, करावी का आणि कशी करावी’ असा असतो. ‘उपाय लागू पडतो का’ हा प्रश्न मोठ्या चाचणीचा आहे. त्याच वर्षी यादृच्छिक (म्हणजे कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवणाऱ्या) पायलट चाचण्यांसाठी कन्सॉर्टची, म्हणजे चाचण्यांचे अहवाल कसे लिहावेत याच्या मार्गदर्शक सूचीची, स्वतंत्र पुरवणी प्रसिद्ध झाली. शीर्षकातच पायलट असल्याचे सांगावे, प्रत्येक उद्दिष्टासाठी काय मोजणार ते आधी ठरवावे, सहभागींची संख्या तेवढीच का घेतली ते लिहावे, पुढे जायचे की नाही हे ठरवण्याचे निकष असल्यास ते द्यावेत, आणि मोठ्या चाचणीत कोणते बदल करणार तेही नोंदवावे, अशी अगदी रास्त अपेक्षा तिच्यात आहे. ती येऊन बरीच वर्षे झाली, तरी माझ्यासमोर येणाऱ्या हस्तलिखितांचा सारांश साधारण असाच असतो: ‘उपाय गटात नैराश्याचे गुण लक्षणीय प्रमाणात घटले, पी-मूल्य ०.०४. उपाय परिणामकारक असून मोठ्या चाचणीची शिफारस करण्यात येते.’ (पी-मूल्य म्हणजे उपायाचा काहीच परिणाम नसता, तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता.) किती जणांना विचारले, किती जण नको म्हणाले, समुपदेशकांना सत्रे ठरल्याप्रमाणे घेता आली का, प्रश्नावलीतील कोणते प्रश्न लोकांनी कोरे सोडले, यातले एक अक्षरही त्यात नसते.

यात नुकसान काय, असे कोणी विचारेल. एक उदाहरण घेऊ. दोन्ही गटांत प्रत्येकी १५ सहभागी आहेत आणि गटांमधील फरक प्रमाण विचलनाच्या (गुणांच्या पसाऱ्याच्या मापाच्या) ०.५ पट आला. या आकड्याभोवतीचे ९५ टक्क्यांचे विश्वास-अंतराल, म्हणजे खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा तो पट्टा, साधारण उणे ०.२ पासून १.२ पर्यंत पसरते. म्हणजे उपाय किंचित अपायकारक असण्यापासून तो विलक्षण गुणकारी असण्यापर्यंतच्या सगळ्या शक्यता या माहितीशी जुळतात. आता हाच ०.५ आकडा उचलून मोठ्या चाचणीची आखणी केली, तर ८० टक्के पॉवरसाठी (खरा परिणाम असल्यास तो चाचणीत दिसण्याच्या शक्यतेसाठी) प्रत्येक गटात ६४ सहभागी पुरेसे वाटतात. खरा परिणाम ०.३ असेल, तर प्रत्येक गटात १७५ लागतात, ०.२ असेल, तर सुमारे ३९४. पायलटच्या डळमळीत आकड्यावर आखलेली मोठी चाचणी त्यामुळे अपुरी पडते, आणि एखादा उपयुक्त उपाय ‘निष्फळ’ ठरून कपाटात जातो. उलटेही घडते. पायलटमध्ये योगायोगाने फरक दिसला नाही, म्हणून चांगला उपाय तिथेच सोडून दिला जातो. हेलेना क्रेमर आणि सहकाऱ्यांनी २००६ सालीच, पायलटमधील परिणामाच्या आकारावरून मोठ्या चाचणीची सहभागी-संख्या ठरवण्याविरुद्ध इशारा दिला होता.

माझ्या दृष्टीने पायलटच्या अहवालातील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे सहभागींच्या प्रवाहाची आकृती, आणि तिचाही वरचा भाग. समजा, यादीत योग्य वाटणारे १८० जण होते. ६२ जणांशी संपर्कच झाला नाही, ४१ जणांनी नकार दिला, २९ जण निकषांत बसले नाहीत, १८ जण होकार देऊनही पहिल्या मुलाखतीला आले नाहीत आणि उरलेल्या ३० जणांची नोंदणी झाली. याचा अर्थ सहा नावांमागे एक सहभागी मिळतो. मोठ्या चाचणीत ३५० सहभागी हवे असतील, तर २,१०० नावांची यादी लागेल, आणि ती कोठून आणायची हा प्रश्न परिणामाच्या आकाराइतकाच निर्णायक आहे. कित्येक अहवालांत ही आकृती ‘यादृच्छिक वाटप: ३०’ या चौकटीपासून सुरू होते. वरच्या १५० माणसांनी जे सांगितले असते, ते सगळे त्यात हरवते. संपर्क न झालेले ६२ आणि नकार देणारे ४१ यांच्यावरचे उपायही वेगळे असतात. पहिल्यांसाठी फोनच्या वेळा बदलून पाहता येतील. दुसऱ्यांसाठी कदाचित मूळ उपायाचाच पुनर्विचार करावा लागेल. म्हणून ‘१५० वगळले’ अशी एकत्र संख्या देणे पुरेसे नाही.

इतरांचा अनुभव आणि मतभेद दोन्ही वाचायला आवडतील.

---

सांख्य

दीर्घिका यांच्या मूळ मुद्द्याशी सहमत आहे. त्यात एक भर घालतो, कारण परिणामाच्या आकाराबाबत सावध असणारे लेखकही व्यवहार्यतेच्या आकड्यांबाबत निर्धास्त असतात.

३० पैकी २४ सहभागी शेवटपर्यंत टिकले, म्हणजे ८० टक्के. अहवालात एवढेच लिहिलेले असते. या ८० टक्क्यांचे ९५ टक्के विश्वास-अंतराल ६३ ते ९० टक्के आहे. दीर्घिका यांच्याच उदाहरणातील ३५० सहभागी शेवटच्या मोजणीपर्यंत हातात हवे असतील, तर ९० टक्के टिकाव धरल्यास ३८९ जणांची नोंदणी करावी लागेल आणि ६३ टक्के धरल्यास ५५६ जणांची. दीडशेहून अधिक माणसांचा फरक केवळ एका टक्केवारीच्या अनिश्चिततेतून निघतो. कन्सॉर्टची पायलट-पुरवणी अंदाजांसोबत अनिश्चितता द्यायला सांगते, ती याचसाठी.

हीच गोष्ट पुढे जाण्याच्या निकषांना लागू होते. हिरवा, पिवळा, लाल असे तीन पट्टे ठरवण्याची पद्धत आता बरीच रुळली आहे. उदाहरणार्थ, ८० टक्के किंवा अधिक टिकाव असल्यास पुढे जावे, ६० ते ७९ असल्यास बदल करून जावे, आणि त्याहून कमी असल्यास थांबावे. वरच्या चाचणीचा आकडा हिरव्या पट्ट्याच्या काठावर बसला, पण त्याचे अंतराल पिवळ्या पट्ट्यातून जवळजवळ लाल पट्ट्यापर्यंत पोहोचते. अशा वेळी ‘निकष पूर्ण झाला’ एवढेच लिहिणे वाचकाची दिशाभूल करते. लेखकाने अंतराल द्यावे, आणि तरीही पुढे जाण्याचा निर्णय का घेतला, याची कारणे दोन-तीन वाक्यांत लिहावीत. निकष म्हणजे निर्णयाचा आधार. तो निर्णयाची जागा घेऊ शकत नाही. आणखी एक पथ्य असे, की हे पट्टे माहिती गोळा करण्यापूर्वी ठरलेले असावेत आणि नोंदणीकृत प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे सार्वजनिक नोंदवहीत आधीच दाखल केलेल्या अभ्यासाच्या आराखड्यात, दिसावेत. निकाल पाहून आखलेल्या पट्ट्यांना निकष म्हणता येत नाही.

सहभागी-संख्येच्या समर्थनाबाबतही लिहितो. ‘पायलट असल्यामुळे संख्या ठरवण्याची गरज नव्हती’ हे वाक्य मी पुष्कळदा वाचले आहे आणि ते स्वीकारू नये असे मला ठामपणे वाटते. स्टीव्हन ज्युलियस यांचा २००५ सालचा, प्रत्येक गटात १२ सहभागी घेण्याचा ठोकताळा सगळे उद्धृत करतात, पण तो सलग मोजमापाच्या चलाची सरासरी आणि विचलन यांच्या अंदाजापुरता होता. नोंदणीचा किंवा टिकावाचा दर अजमावायचा असेल, तर त्या दराचे अंतराल किती अरुंद हवे, यावरून संख्या काढावी. अडचणी हुडकणे हा हेतू असेल, तर हिशेब आणखी वेगळा होतो. प्रत्येक सहभागीच्या बाबतीत ५ टक्के शक्यतेने उद्भवणारी अडचण निदान एकदा तरी दिसावी, अशी ९५ टक्के खात्री हवी असेल, तर ५९ सहभागी लागतात. ३० जणांत ती दिसण्याची शक्यता साधारण ७९ टक्केच राहते. ही तीन वेगवेगळी गणिते आहेत, आणि आपण त्यांतले कोणते केले, हे अहवालात एका वाक्यात सांगता येते.

---

आरोह

दोघांचे म्हणणे तत्त्वतः पटते, परंतु मला काही गंभीर आक्षेप नोंदवायचे आहेत.

पहिला आक्षेप निधीबाबतचा. मोठ्या चाचणीसाठी अर्ज केला, की पहिला प्रश्न येतो तो ‘उपायात काही दम आहे याचा प्राथमिक पुरावा काय’ हा. टिकाव, नोंदणी, स्वीकारार्हता यांचे आकडे दाखवून कोणी मोठी रक्कम देत नाही. नियतकालिकांचे समीक्षकही पी-मूल्य नसल्याची तक्रार करतात. मी स्वतः असे अभिप्राय वाचलेले आहेत. अशा परिस्थितीत लेखकाने एकट्याने शुद्धता पाळावी, अशी अपेक्षा करणे कितपत न्याय्य आहे?

दुसरा आक्षेप नैतिक स्वरूपाचा आहे. सहभागींनी आपला वेळ दिला, खाजगी आयुष्यातील त्रासाविषयीच्या लांबलचक प्रश्नावल्या भरल्या. त्यांच्या उत्तरांचे निष्कर्ष ‘आकडेवारी लहान आहे’ असे म्हणून दडवून ठेवणे मला योग्य वाटत नाही. पुढे कोणी सर्व लहान अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करू इच्छिले, तर त्यालाही हे आकडे लागतील.

तिसरा आक्षेप असा, की सगळेच लहान अभ्यास पायलट नसतात. उपाय घडवण्याच्या सुरुवातीच्या टप्प्यावर ‘या उपायाने वर्तनात काही हालचाल तरी होते का’ हे पाहणे गरजेचे असते. वर्तनाशी निगडित उपाय टप्प्याटप्प्याने कसे घडवावेत हे सांगणाऱ्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ऑर्बिट प्रारूपात अशा संकल्पना-सिद्धतेच्या अभ्यासाला स्वतःचे स्थान आहे. त्यावर पायलटचे नियम लादले, तर उपाय-विकासाची एक आवश्यक पायरीच नाहीशी होईल.

---

दीर्घिका

आरोह, आपले तिन्ही आक्षेप महत्त्वाचे आहेत. शेवटच्यापासून सुरुवात करते, कारण तो मला पूर्ण मान्य आहे. संकल्पना-सिद्धतेचा अभ्यास हा स्वतंत्र प्रकार आहे आणि त्याने स्वतःला तसेच म्हणवावे. माझी तक्रार आहे ती अभ्यासाचा हेतू निकालानंतर ठरवण्याबद्दल. निकाल चांगला आला तर ‘परिणामकारकता सिद्ध’ आणि वाईट आला तर ‘हा केवळ पायलट होता’, असे दोन्ही दरवाजे उघडे ठेवून लिहिलेला अहवाल वाचकाच्या काहीच उपयोगाचा नसतो.

नैतिक मुद्द्याबाबत आपल्यात खरे तर मतभेद नाही. आकडे दडवा, असे मी म्हटलेले नाही. प्रत्येक गटाची सरासरी, प्रमाण विचलन, किती जणांची माहिती उपलब्ध होती ती संख्या आणि गटांमधील फरकाचे विश्वास-अंतराल हे सर्व तक्त्यात जरूर द्यावे. एकत्रित विश्लेषण करणाऱ्याला एवढेच लागते. जे टाळायचे आहे, ते म्हणजे ‘लक्षणीय’, ‘परिणामकारक’, ‘सुधारणेकडे कल दिसतो’ असे शब्द, आणि सारांशात या आकड्यांना दिलेला मानाचा पाट. ‘कल दिसतो’ हा शब्दप्रयोग मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो सावधपणाचा आव आणून तोच दावा मागच्या दाराने आत आणतो.

निधीचा प्रश्न खरा आहे आणि तो एकट्या लेखकाच्या माथी मारता येत नाही, हे मान्य. तरीही एक मार्ग आहे. मोठ्या चाचणीची संख्या ठरवताना परिणामाचा आकार पायलटमधून न घेता, ‘सहभागीच्या आयुष्यात जाणवेल असा किमान फरक किती’ यावरून घ्यावा, आणि उपायात दम असल्याचा आधार त्याच्यामागच्या सिद्धान्तातून, आधीच्या मोठ्या अभ्यासांतून आणि यंत्रणेच्या स्पष्टीकरणातून द्यावा. पायलटकडून येणारा युक्तिवाद ‘ही चाचणी आम्ही पार पाडू शकतो आणि कोठे अडचण येईल ते आम्हाला ठाऊक आहे’ असा असावा. चाचणी कागदावर उत्तम आणि प्रत्यक्षात अर्धवट, अशी वेळ निधी देणाऱ्यांवरही येतेच. त्यामुळे हा युक्तिवाद त्यांना कळत नाही, असे मी मानत नाही. समीक्षकाने पी-मूल्य मागितल्यास उत्तरात कन्सॉर्टच्या पुरवणीचा हवाला द्यावा. माझ्या माहितीतील अनेक लेखकांना संपादकांनी यात साथ दिलेली आहे.

---

मृण्मयी

चर्चा आतापर्यंत आकड्यांभोवती फिरते आहे. मी समुपदेशकांना प्रशिक्षण देण्याचे काम करते, त्यामुळे मला अहवालात जे सर्वाधिक खटकते, ते वेगळे आहे. उपाय म्हणजे नेमके काय केले, हेच बहुतेक वेळा समजत नाही.

गोळीची मात्रा एका ओळीत लिहिता येते. ‘आठ सत्रांचे प्रेरणादायी समुपदेशन’ या ओळीतून मात्र काहीच पोहोचत नाही. सत्र किती मिनिटांचे होते, समोरासमोर की फोनवर, समुपदेशक कोण होते, त्यांना किती दिवसांचे प्रशिक्षण मिळाले, दोन सत्रांच्या मध्ये सहभागींना काय करायला सांगितले, कोणाच्या गरजेप्रमाणे कोणता भाग बदलला? उपायाच्या वर्णनासाठीची बारा मुद्द्यांची टायडिअर सूची २०१४ पासून उपलब्ध आहे. वर्तनबदलाच्या ९३ तंत्रांचे वर्गीकरण त्याच्याही एक वर्ष आधी आले. उद्दिष्ट ठरवणे, स्वतःच्या वर्तनाची नोंद ठेवणे, अडचणींवर आधीच उपाय योजणे अशा तंत्रांची नावे घेऊन लिहिले, तर दुसऱ्या ठिकाणचा गट तोच उपाय उभा करू शकेल.

दुसरी गोष्ट फिडेलिटीची, म्हणजे ठरवलेला उपाय प्रत्यक्षात ठरल्यासारखा दिला गेला का याची. वर्तनबदल संशोधनाच्या क्षेत्रात २००४ साली मांडलेल्या शिफारशींत तिचे पाच भाग केलेले आहेत: अभ्यासाची रचना, देणाऱ्यांचे प्रशिक्षण, प्रत्यक्ष देणे, सहभागीला ते समजणे आणि सहभागीने ते रोजच्या जगण्यात वापरणे. अहवालांत फार तर तिसऱ्या भागाविषयी एखादे वाक्य असते, आणि तेही समुपदेशकाने स्वतःच भरलेल्या तपासणी-यादीवर आधारलेले. सत्रांचे ध्वनिमुद्रण करून, त्यांतील काही सत्रे यादृच्छिकपणे निवडून, त्रयस्थ व्यक्तीने गुण दिल्यास खरे चित्र समोर येते. कोणता भाग वारंवार गाळला गेला हे कळणे पायलटसाठी फार मोठी प्राप्ती आहे. मी पाहिलेल्या सत्रांमध्ये ‘घरी करून पाहण्याच्या गोष्टींचा आढावा’ हा भाग सर्वांत आधी गळतो, कारण सहभागी नवी अडचण घेऊन येतो आणि समुपदेशक माणुसकीने तिच्याकडे वळतो. हे समुपदेशकाचे अपयश म्हणून नोंदवू नये. सत्राची वेळ अपुरी आहे, असा त्याचा अर्थ निघतो आणि मोठ्या चाचणीपूर्वी ती वाढवता येते.

उपस्थितीचेही तसेच. ‘आठपैकी सरासरी साडेपाच सत्रांना उपस्थिती’ हे वाक्य काहीच सांगत नाही. निम्मे लोक आठही सत्रांना आले आणि निम्मे तिसऱ्यानंतर परतलेच नाहीत, तरीही सरासरी साडेपाचच येते. तिसऱ्या सत्रात असे काय होते, हा खरा प्रश्न, आणि तो सत्रवार उपस्थितीचा तक्ता दिल्याशिवाय कोणाला सुचणारही नाही.

अखेरचा मुद्दा. पायलटमध्ये उपाय बहुधा तो घडवणारेच लोक देतात: उत्साही, तज्ज्ञ, सहभागींना रात्रीही फोनवर उपलब्ध असलेले. मोठ्या चाचणीत तोच उपाय वीस ठिकाणचे कामाने दबलेले कर्मचारी देणार असतात. मायकेल बीट्स आणि सहकाऱ्यांनी २०२० साली लहान मुलांच्या लठ्ठपणाशी संबंधित पायलट आणि त्यांच्यामागून आलेल्या मोठ्या चाचण्या शेजारी ठेवून पाहिल्या. उपायाची तीव्रता किंवा तो देणारी माणसे यांसारख्या बाबी पायलटमध्ये एक आणि मोठ्या चाचणीत दुसऱ्या असल्या, की परिणाम घसरतो, असे त्यांना आढळले. म्हणून उपाय कोणी दिला आणि पुढे कोण देणार, ही दोन वाक्ये अहवालात शेजारी-शेजारी असावीत.

---

प्रश्नार्थक

दीर्घिकाताई आणि सर्वांना नमस्कार. मी संशोधक विद्यार्थी आहे आणि निद्रानाशासाठीच्या एका उपायाच्या पायलटचा अहवाल लिहितो आहे. तीन शंका आहेत.

आमच्या अभ्यासात एकच गट होता, तुलना-गट नव्हता. मग कन्सॉर्टची पुरवणी लागू होते का? ‘८५ टक्के सहभागी समाधानी होते’ हे आमचे स्वीकारार्हतेचे मुख्य निष्पन्न आहे. ते तसेच लिहावे का? आणि अभ्यासाच्या मध्यावर आम्ही झोपेची दैनंदिनी कागदावरून मोबाइलवर नेली. हा बदल लिहिल्यास अभ्यास ढिसाळ वाटेल, असे माझ्या सहकाऱ्यांचे म्हणणे आहे.

---

सांख्य

पहिल्या शंकेचे उत्तर: मूळ पुरवणी यादृच्छिक पायलटसाठी आहे. यादृच्छिक नसलेल्या पायलट अभ्यासांनी तिचा वापर कसा करावा, याचे मार्गदर्शन जिलियन लँकेस्टर आणि लेहाना थबाने यांनी २०१९ साली प्रसिद्ध केले. यादृच्छिकीकरणाचे मुद्दे वगळून बाकी बहुतेक सूची तुम्हाला जशीच्या तशी वापरता येईल. फक्त एक लक्षात असू द्या. तुलना-गट नसल्यामुळे ‘लोक यादृच्छिक वाटपाला तयार होतील का’ या प्रश्नाला तुमच्या अभ्यासात उत्तर नाही, आणि मोठी चाचणी यादृच्छिक असणार असेल, तर ही उणीव स्पष्टपणे नोंदवा. आधी-नंतरच्या फरकावर तर मुळीच विसंबू नका. निद्रानाशाचा त्रास ऐन भरात असताना माणसे अभ्यासात येतात आणि त्यांतील काहींचा त्रास उपायाविनाही उतरतो.

---

मृण्मयी

दुसऱ्या शंकेबाबत. हे ८५ टक्के कोणाचे? समाधानाची प्रश्नावली शेवटच्या सत्रानंतर दिली असेल, तर ज्यांना उपाय रुचला नाही ते त्यापूर्वीच निघून गेलेले असतात. ३० पैकी २० जणांनी प्रश्नावली भरली आणि त्यांतील १७ जण समाधानी असले, तर ८५ टक्के येतात. पण नोंदणी झालेल्यांत हे प्रमाण १७ भागिले ३०, म्हणजे ५७ टक्के. दोन्ही आकडे छेदासह द्या. शक्य असेल तर सोडून गेलेल्यांपैकी काहींशी बोला. पाच-सहा मुलाखतींतूनही ‘अंथरुणातला वेळ कमी करण्याची सूचना पहिल्या आठवड्यात असह्य झाली’ असे काही ठोस हाती लागते, जे समाधानाच्या पाच-बिंदू मापनातून कधीच कळणार नाही. स्वीकारार्हता म्हणजे सौजन्याने दिलेला होकार नव्हे. लोकांनी उपाय किती वापरला आणि कोठे सोडला, यावरून ती अधिक चांगली समजते.

---

आरोह

तिसऱ्या शंकेबाबत मी लिहितो, कारण या धाग्यावर मी लेखकांची बाजू मांडतो आहे आणि येथे लेखकांचे हित प्रामाणिकपणातच आहे. दैनंदिनीतील बदल अवश्य लिहा. तो कधी केला, का केला, त्या वेळी किती सहभागी झाले होते, आणि बदलापूर्वी व नंतर भरलेल्या पानांचे प्रमाण किती होते, हे चार तपशील द्या. पायलट सुरू झाल्यानंतर मोजमापात किंवा पद्धतीत झालेले बदल कारणांसह नोंदवावेत, असे कन्सॉर्टच्या पुरवणीतही म्हटले आहे. बदल लपवला, तर मोठ्या चाचणीचा प्रोटोकॉल वाचणाऱ्याला कागदी दैनंदिनी का नाकारली हे कळणार नाही, आणि दुसरा एखादा गट तीच वाट पुन्हा चालेल.

यातून मला जुना प्रश्न पुन्हा छळतो. ज्या पायलटच्या शेवटी ‘मोठी चाचणी करू नये’ असा निष्कर्ष निघतो, त्या छापून येण्याचे प्रमाण फार कमी आहे, अशी माझी भावना आहे. केवळ पायलट आणि व्यवहार्यता अभ्यासांना वाहिलेले नियतकालिक २०१५ पासून निघते, ही जमेची बाजू. तरीही ‘न जमलेल्या’ पायलटचा लेख लिहायला उमेदवारीच्या काळातील संशोधकाला वेळ आणि पाठबळ कोण देणार? याच कारणाने पायलटची नोंदणी आधीच करण्याबाबत मी आता सांख्य यांच्या बाजूने आहे. निदान अभ्यास झाला होता, एवढा मागमूस तरी राहतो.

---

प्रश्नार्थक

सर्वांचे मनापासून आभार. सुचवल्याप्रमाणे सारांशातील निष्कर्षाचा भाग पुन्हा लिहिला आहे. कृपया पाहावा.

‘यादीतील ११० जणांपैकी ३२ जणांची नोंदणी पाच महिन्यांत झाली. बहुतेकांनी शेवटची मोजणी पूर्ण केली. कागदी दैनंदिनी अपुरी भरली जात असल्याने ती मध्यावर मोबाइलवर नेण्यात आली. सहा सत्रांपैकी चौथ्या सत्रानंतर उपस्थिती घटली; मुलाखतींनुसार झोपेची वेळ मर्यादित करण्याची सूचना हे त्याचे मुख्य कारण होते. या सूचनेची मांडणी बदलून आणि तुलना-गट घेऊन पुढील पायलट करण्याचा आमचा विचार आहे. हा अभ्यास उपायाची परिणामकारकता तपासण्यासाठी रचलेला नव्हता.’

---

सांख्य

हे पुष्कळ चांगले झाले आहे. दुसऱ्या वाक्यातील ‘बहुतेकांनी’ काढून तेथे संख्या आणि तिचे अंतराल घाला. चौथ्या सत्रापूर्वीची आणि नंतरची उपस्थितीही आकड्यांत द्या. पुढे जाण्याचे निकष तुम्ही आधी ठरवले होते का, याचा उल्लेख राहिला आहे. ठरवले नसतील तर तसे लिहा.

---

दीर्घिका

शेवटचे वाक्य सारांशात पहिल्या स्थानी, उद्दिष्टाच्या ओळीत न्या. तेथे ‘परिणामकारकता तपासण्यासाठी नव्हता’ असे नकारार्थी लिहिण्याऐवजी, ‘नोंदणी, टिकाव आणि दैनंदिनी भरण्याचे प्रमाण अजमावणे हा उद्देश होता’ असे लिहा. मुलाखती किती जणांच्या घेतल्या आणि त्यांत अभ्यास सोडून गेलेले किती होते, या दोन संख्याही त्या वाक्याला जोडा, म्हणजे कारणाचा दावा किती माणसांच्या बोलण्यावर उभा आहे ते वाचकाला तिथल्या तिथे समजेल.